माळ्यावरचा उंदीर

१२ नोव्हेंबर, मंगळवार
पाणी: ११ ग्लास. लघवी: ९ वेळा.

ही वही बेळगावच्या हॉस्पिटलातल्या सिस्टरनं दिली. किती पाणी पोटात गेलं आणि किती बाहेर आलं एवढंच लिहायचं, दुसरं काही नको, असं बजावलंय तिनं. डोक्यातली ही गाठ काढली की काही जणांच्या अंगात पाणी टिकत नाही म्हणे. पण मी एकोणीस वर्षं आमच्या गुंद गावच्या अंगणवाडीत रजिस्टरं भरली. कोऱ्या ओळी दिसल्या की माझा हात गप बसत नाही. शिवाय वहीत शाळेतलं मराठी येतं, तोंडात घरचं. तेवढाच सराव.

आज घरी आले. ऑपरेशनला आठ दिवस झाले. गाठ बोराएवढी होती, मेंदूच्या खाली, डोळ्यांच्या नसांवर बसलेली. वर्षभर मला समोरचं दिसायचं आणि बाजूचं दिसायचं नाही. दाराच्या चौकटीला रोज खांदा आपटायचा. आत्ती, म्हणजे माझी सासू, म्हणायची, "सून धुंदीत चालती." शेवटी दांडेलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं ओळखलं. गाठ काढली ती नाकातून. नाकातून दुर्बीण वर घातली, हाडाला भोक पाडलं, गाठ ओढून काढली आणि नाकाच्याच आतल्या कातडीचं ठिगळ लावून भोक बुजवलं.

आता नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. आणि एक गोष्ट डॉक्टरनं दोनदा सांगितली. नाकातून पाण्यासारखं पातळ, खारट काही गळलं तर असेल तशी उठून ये. तो शेंबूड नव्हे, मेंदूभोवतीचं पाणी. म्हणजे ठिगळ सुटलं. त्यात ताप आला तर जिवावर बेतेल.

माझ्या शेजारच्या खाटेवर हल्याळची बाई होती, तिचं सुटलं होतं. मांडीतली चरबी काढून पुन्हा बुजवलं आणि पाठीत नळी घालून दहा दिवस उताणी ठेवली. "अक्का, परत न्हाई, परत न्हाई," एवढंच म्हणायची. मी कूस बदलायची.

१५ नोव्हेंबर
पाणी: १० ग्लास. लघवी: ८.

गाव बघायला येऊन गेलं. झिलू जीपवाला म्हणाला, "टीचर, डोसक्यातलं नाकातनं काढलं व्हय? मग अक्कल कुटनं गेली?" मी म्हटलं, "ती येताना तुझ्या जीपमदी ऱ्हायली. शोधून वापर."

डोळे मात्र परत आले. अंगणात उभं राहिलं की एका नजरेत गोठाही दिसतो आणि विहीरही. आणि आमच्या ह्यांचे दोन्ही कान एकाच वेळी दिसतात. ह्यांचं नाव शिवानंद. वहीत लिहायला हरकत नाही, तोंडानं मी घेत नाही. हा माणूस बोलतो कमी आणि खोटं बोलायला लागला की त्याचे दोन्ही कान लाल होतात, शेंड्यापासून पाळीपर्यंत. लग्न झाल्यापासून मला माहीत आहे. गेलं वर्ष एकच कान दिसायचा.

वास मात्र काही येत नाही. फोडणी दिली तरी नाही, गोठ्यात गेलं तरी नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित नाही येणार. बाजूचं दिसण्यासाठी एवढं दिलं तर चालतंय.

२० नोव्हेंबर
पाणी: ९ ग्लास. लघवी लिहायचं बंद, सिस्टरनं फोनवर सांगितलं.

आजपासून नाक धुवायचं. मिठाच्या पुड्या दिल्यात. एक पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची, बाटली एका नाकपुडीला लावून दाबायची, पाणी दुसरीकडून येतं. सकाळ-संध्याकाळ. हे पहाटे उठून चुलीवर पाणी उकळतात, झाकून ठेवतात, मग करंगळी बुडवून बघतात. भाताची कापणी अंगावर आलीय आणि हा माणूस करंगळी बुडवत बसतोय. मी म्हटलं, "मी काय लेकरू हाय काय?" तर म्हणाले, "सुम्म कर गं." म्हणजे गप बस.

२३ नोव्हेंबर

पाणी मोजायचं आज राहिलं.

सकाळी नाक धुतलं. नाक कोरडं झालं. दोन तासांनी आत्तीच्या हातातून अडकित्ता पडला, तो उचलायला मी वाकले. वाकायचं नाही हे ठाऊक आहे, पण सासूपुढं अडकित्ता पडलेला सून कशी बघत राहील. वाकले तशी डाव्या नाकपुडीतून टप टप पाणी आलं. पातळ, नितळ. ओठावरून जिभेवर गेलं.

खारट.

मी उभी राहिले आणि ते थांबलं. कुणी बघितलं नाही. आत्ती पानाला चुना लावत होती. हल्याळच्या बाईचं तोंड दिवसभर डोळ्यांपुढं आहे.

२६ नोव्हेंबर

तीन दिवस मी मुलांना शिकवते तसं करून बघितलं. २४ला धुतलं, वाकले, गळलं. २५ला धुतलं नाही, वाकले, गळलं नाही. आज पुन्हा धुतलं, वाकले, गळलं. म्हणजे सिद्ध झालं. बाटलीनं पाणी आत दाबलं की ठिगळ सैल होतं आणि मेंदूचं पाणी खाली येतं. धुणं बंद केलं की ठिगळ आपोआप बसतं.

डॉक्टरांना हे कळवलं तर आधी बोलावून घेतील आणि झोपवतील. मांडी कापतील. मी जाणार नाही. ह्यांनाही सांगणार नाही, कारण हे तसेच उचलून नेतील.

पाणी आता न्हाणीमागं जाऊन मिरचीच्या रोपाला ओतते. बाटली ओली करून ठेवते. हे विचारतात, "झालं?" मी म्हणते, "झालं." माझे कान लाल होत नाहीत, ते बरं आहे.

३० नोव्हेंबर

एक थेंब नाही. आज तर देवापुढं पूर्ण वाकून नमस्कार केला. डॉक्टरपेक्षा मला जास्त कळतं असं म्हणणार नाही, पण माझं नाक मलाच माहीत.

६ डिसेंबर

नाक चोंदलंय. आत काहीतरी घट्ट बसल्यासारखं, गाल जड. तोंडानं श्वास घेते. ठिगळ धरत असेल. खपली धरल्याशिवाय जखम भरत नाही, हे गुडघे फोडून घेणाऱ्या मुलांना मी किती वेळा सांगितलंय.

आत्ती आज जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "कायतरी मेलंय गं घरात." ह्यांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं. मग म्हणाले, "उंदीर असंल. माळ्यावर मुडली ठेवलीय न्हवं, त्याच्यावर आला असंल." मुडलीच्या कंदावर उंदीर येतात हे खरं, पण कान लाल कशाला झाले ते कळलं नाही. उंदीर मेला तर ह्यांना कसली लाज?

१० डिसेंबर

मळणी अर्धी टाकून घरभर उंदीर शोधणं चाललंय. माळा उतरवला, कणगी हलवली, कौलं काढून बघितली. आत्ती ऊद जाळते. येईल तो दारातच थांबतो आणि नाकाला पदर नाहीतर टॉवेल लावतो. मी सगळ्यांच्या मागं मागं फिरते, भजनात बहिऱ्यासारखी. मला वासच नाही. मी म्हटलं, "नक्की कुठं येतोय ते तरी सांगा, मी पण शोधते." हे म्हणाले, "तू बस. वाकू नको."

आत्तीनं आपलं अंथरूण पडवीत नेलं. आतल्या खोलीत वास जास्त आहे म्हणाली. मग मी ह्यांना म्हटलं, तुम्ही पण जावा, रातभर नाक दाबून कसं झोपणार? म्हणाले, "मला एवढा येत न्हाई." कान.

१३ डिसेंबर

आज मधल्या दारातून आत्तीचं बोलणं कानावर आलं. "तुज्या बाबाच्या टायमाला बी असंच सुरू झालतं रे. ह्यो वास मी इसरीन काय?"

मामंजी गेले त्या वर्षी उंदीर फार झाले होते, हे खरं. तोंडाचा कॅन्सर होता त्यांना. हुबळीला तीनदा कापलं. तिसऱ्यांदा ह्यांचा हात धरून म्हणाले होते, मला घरी ने, इथं मारू नको. हे नेऊ शकले नाहीत. त्यानंतर हे हॉस्पिटलच्या गोष्टी काढत नाहीत, आणि माझ्या ऑपरेशनच्या कागदावर सही करताना तीनदा पेन खाली ठेवलं होतं. पण उंदरावरून मामंजींची आठवण काढायची म्हणजे आत्तीचं वय झालं.

ह्यांच्या नाकाखालची कातडी लाल होऊन सोललीय. म्हटलं, काय झालं? म्हणाले, सर्दी, बाम लावतोय. सर्दी काही दिसत नाही. मला बामचाही वास नाही, त्यामुळे खरं-खोटं करता येत नाही.

१६ डिसेंबर

उद्या बेळगावला दाखवायची तारीख. मी आधीच ठरवलं होतं. म्हटलं, "मला न्हाई जायचं."

वाटलं होतं, चिडतील. तर हे नुसते उभे राहिले. "नक्की न्हाई?"

"न्हाई."

"तुला आतनं काय वाटतंय?"

मला नाकातलं पाणी आठवलं, पाठीतली नळी आठवली. म्हटलं, "मला घरीच ऱ्हायचंय. परत तिथं नेऊ नका. माझी शपथ हाय."

हे गोठ्यात गेले. बराच वेळ तिथं होते. परत आले तेव्हा डोळे लाल. म्हणाले, भुसा गेला. गाईची धार काढून झाली होती, भुसा घालायची ही वेळ नव्हती, पण मी विचारलं नाही. सुटले एकदाची.

१९ डिसेंबर

आज ह्यांनी विचारलं, "तुला काय पायजे?" असं विचारायची ह्या घराला सवय नाही. मी म्हटलं, "मिक्सर." पाच वर्षं मागतेय. दर वेळी पाटा काय झिजला काय, असं उत्तर येतं. म्हणाले, "बरं."

२१ डिसेंबर

मिक्सर आला. तीन भांड्यांचा. जोयड्याहून बसमध्ये मांडीवर घेऊन आले. आत्ती, जिनं पाट्याशिवायच्या चटणीला कधी तोंड लावलं नाही, ती म्हणाली, "चांगला हाय गं. वापर." मला चटणीची चव निम्मीच लागते, पण तो नुसता फिरवत बसले. कुठंतरी पाणी मुरतंय.

२४ डिसेंबर

माझा भाऊ पुंडलिक खानापुरातून न सांगता आला. हिरवी साडी आणली. म्हणाला, भाऊबीजेला तू हॉस्पिटलात होतीस, राहिली होती. ते पटलं. पण पडवीच्या कडेला बसला, आत यायला तयार नाही. आणि जाताना रडला. हा पुंडलिक आमची आई गेली तेव्हा रडला नव्हता, मंडपवाल्याशी भांडत होता. मी म्हटलं, "तुज्या घरात काय झालंय काय?" तर म्हणाला, "न्हाई गं, माझं काय, तू सांभाळ."

अंगणवाडीची मदतनीस भाग्यलक्ष्मी चार वेळा येऊन गेली, चारही वेळा फाटकातून. मुलं आठवण काढतात म्हणते. मग घेऊन ये म्हटलं तर म्हणते, रस्त्यात गवे आहेत. गवे काय आज आलेत? मला वाटतं हिला माझी जागा हवीय. हे लिहिताना लाज वाटते, कारण ऑपरेशनच्या दिवशी तिनं उपास धरला होता. पण मग फाटकातून का बोलते?

२८ डिसेंबर

आमची लेक वैष्णवी आली दांडेलीच्या हॉस्टेलवरून. परीक्षा तोंडावर आणि बाबांनी बोलावलं म्हणे. आली तशी माझ्या गळ्यात पडली, मग एकदम उठून परसात गेली आणि ओकली.

एकोणीस वर्षांची मुलगी. माझ्या मनात नको ते आलं. दुपारी तिला बाजूला घेऊन सरळ विचारलं, "तुजं कायतरी हाय काय? खरं सांग, मी मारणार न्हाई." ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "माझं काय न्हाई गं आई. शपथ." मग माझे केस विंचरून दिले, सगळ्या खिडक्या उघडून. थंडीत खिडक्या कशाला, म्हटलं तर, "हवा येऊ दे."

मला कळेना झालंय. घरात सगळे माझ्याशी गोड आहेत आणि सगळे माझ्यापासून लांब आहेत. दोन्ही एकदम कसं?

लांब नाहीत ते फक्त हे. रोज माझ्याच शेजारी अंथरूण, माझ्याकडंच तोंड.

२ जानेवारी

हे आज देवळात कौल लावायला गेले होते. ओल्या पाषाणावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवतात आणि मनातलं विचारतात. उजवी पडली तर हो. आमच्याकडं म्हैस विकायची की नाही हेही विचारतात, त्यात विशेष नाही. पण काय विचारलं ते सांगेनात. "कुठली पडली ते तरी सांगा," म्हटलं.

"कुठलीच न्हाई. पुजाऱ्यानं तासभर वाट बघितली."

कान लाल नव्हते.

५ जानेवारी

ताप. सकाळपासून. डोळ्यांमागं ठणका, दाढा दुखतात, कपाळ फुटेल असं वाटतंय.

ताप आला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पाणी थांबलं असं मला वाटलं, ते आतल्या आत मेंदूत साठत असेल. माझ्याच हातानं मी हे केलं. वैष्णवीचं लग्न नाही, काही नाही. खूप भीती वाटली. मी ह्यांना हाक मारली आणि सगळं सांगून टाकलं. खारट पाणी गळत होतं ते, धुणं बंद केलं ते, रोज खोटं बोलले ते.

हे माझ्या अंथरुणाशी बसले. मग म्हणाले, "म्हंजे तू धुतच नव्हतीस?"

"न्हाई."

"कवापासनं?"

"नोव्हेंबरपासनं. मिरचीला ओतत होते."

"म्हणून मिरची वाळली," म्हणाले. मला वाटलं, आता ओरडतील. पण ह्यांच्या तोंडावर जे दिसलं ते मी कधी बघितलं नव्हतं. माणसाला खड्ड्यात पडल्यावर वरून दोरी दिसावी तसं. "म्हंजे धुतलं न्हाई म्हणून पण असंल," असं स्वतःशीच पुटपुटले. काय असेल, म्हटलं. चप्पल न घालता झिलूच्या घराकडं पळाले.

जीप उद्या पहाटे. आता शपथेचं काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

६ जानेवारी, बेळगाव

तापातच लिहितेय, पण आज लिहायलाच हवं.

नाकाची डॉक्टरीण तरुण आहे, अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलते. तिनं मला स्टुलावर बसवलं, मान गुडघ्यांपर्यंत खाली, नाकाखाली स्टीलची वाटी. "अम्मा, वीस मिनिटं असंच." मी वाटीत बघत बसले. माझं आयुष्य त्या वाटीत पडणार होतं. हे दाराशी उभे होते, त्यांचे अनवाणी पाय मला उलटे दिसत होते. वीस मिनिटं झाली. वाटी कोरडी.

"पाणी कवा गळायचं?" तिनं विचारलं.

"सकाळी."

"धुण्याच्या आधी की नंतर?"

"नंतर. दोनेक तासांनी, वाकलं की."

"आणि धुवायचं कशानं?"

"मिठाच्या..." म्हटलं आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

ती हसली नाही, तिचे उपकार. म्हणाली, गालांच्या हाडात पोकळ्या असतात, धुतलेलं पाणी तिथं थोडं राहून जातं, वाकलं की येतं. घागर उपडी केली तरी मागून थेंब पडतो, तसं. ठिगळ जागच्या जागी आहे. पण दीड महिना धुतलं नाही, म्हणून आत खपल्यांचा थर बसला, सायनस तुंबले आणि त्यात जंतू झाले. ताप त्याचा. स्कॅन करून बघू, म्हणाली.

स्कॅन झाल्यावर ह्यांना औषधांची चिठ्ठी देऊन खाली पाठवलं आणि दुर्बीण घालून तिनं साफ करायला घेतलं. चिमट्यानं ओढून ओढून काढलं. हिरवं-काळं, पातेल्याच्या बुडाला लागलेल्या खरवडीसारखं, अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे. सिस्टरनं एक मास्क होता त्यावर दुसरा चढवला आणि खिडकी उघडली.

वैष्णवी खिडक्या उघडत होती, ते मला आठवलं.

मी विचारलं, "वास येतोय काय?"

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग डॉक्टरीण हळू म्हणाली, "अम्मा, घरी कुणी सांगितलं न्हाई?"

"किती दिवस येत असंल?"

"महिना तरी."

काखेत कळसा म्हणतात, माझ्या तर नाकात होता. माळा उतरवला, कौलं काढली, मळणी थांबवली, आणि मी त्यांच्या मागं फिरत होते, सांगत होते, मी पण शोधते. आत्ती पडवीत गेली. पुंडलिक कडेला बसला. भाग्यलक्ष्मी फाटकातून बोलली, आणि मी तिच्यावर काय काय लिहिलं ते वर आहेच. पोटच्या पोरीला ओकारी आली आणि मी तिलाच विचारलं, तुझं काय आहे. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. सिस्टरला म्हटलं, "मला वासाचं सांगितलंय हे ह्यांना सांगू नका." तिनं मान हलवली.

हे औषधं घेऊन आले. डॉक्टरीण म्हणाली, साधा सायनसचा त्रास आहे, साफ केलंय, गोळ्या घ्या, रोज धुवा. गाठ परत आलेली नाही, स्कॅन स्वच्छ आहे.

"गाठ न्हाई?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई."

"म्हंजे आत सडलेलं न्हाई काय?"

"न्हाई हो."

ह्यांनी तिसऱ्यांदा पुन्हा तेच विचारलं. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडं बघत राहिले. बाहेर आल्यावर हे जिन्याच्या पायरीवर बसले आणि टॉवेल तोंडावर धरला. खांदे हलत होते. माणसं बाजूनं चढत-उतरत होती. मिक्सर कशाला आला, साडी कशाला आली, देवाला काय विचारलं, ते सगळं मला त्या जिन्यावर कळलं. मामंजींना घरी आणता आलं नाही, म्हणून मला घरी मरू देत होते. मी शपथ घातली ती त्यांनी पाळली. एवढा शब्दाचा पक्का माणूस मला नको होता, असं क्षणभर वाटलं, आणि मग मीही बाजूला बसले.

दोघांनी चहा घेतला. ह्यांनी तीन बनपाव खाल्ले.

९ जानेवारी
नाक धुतलं, दोनदा. ह्यांच्यासमोर.

ताप नाही. घरातला वासही गेला असणार. आत्तीचं अंथरूण कालच पडवीतून आत आलं, न बोलता. भाग्यलक्ष्मी चार पोरं घेऊन थेट स्वयंपाकघरात आली. गवे गेले वाटतं. मी तिला नवीन मिक्सरमधली चटणी डबाभर दिली. ती म्हणाली, एवढी कशाला? मी म्हटलं, घे.

दुपारी हे शेतावर गेल्यावर मी माळ्यावर चढले. चढायचं नाही अजून, पण मला बघायचं होतं. उंदीर होता की नाही ते. मुडली होती, बियाण्याची पोती होती, जुन्या चटया होत्या. उंदराची लेंडीसुद्धा नाही. चटईच्या गुंडाळीत हात घातला तर आत बामच्या बाटल्या. रिकाम्या, पाच. एक उघडून बोटानं खरवडली आणि नाकाशी धरली. वास आला नाही. पण गार लागलं, आत खोलवर, आणि डोळ्यांतून पाणी आलं. बामनं येतंच. मी बाटल्या परत गुंडाळीत ठेवल्या आणि उतरले.

संध्याकाळी हे आले, पाय धुतले. मी चहा टाकला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्यो उंदीर घावला बरं काय. भिंतीच्या कडंला. टाकून आलो वड्यात."

"केवढा व्हता?"

ह्यांनी विचार केला. हातांनी दाखवला, वीतभर. मग मी बघतेय म्हणून हात थोडे लांब नेले. दोन्ही कान, शेंड्यापासून पाळीपर्यंत.

"एवढा?" मी म्हटलं. "महिनाभर कसा सोसला तुमी?"

ह्यांनी चुलीत लाकूड सरकवलं. मग म्हणाले, "घरातलाच व्हता न्हवं."

मी चहा गाळला, आणि त्यांच्या कपात साखर जास्त घातली.